जिराफाची पहिली पायरी

४ फेब्रुवारी

मामा,

नमस्कार तुला, आणि त्याहून थोडा मोठा मामीला. पत्रं तीच वाचून दाखवते असं तू म्हणतोस आणि चष्मा मात्र करून घेत नाहीस, तेव्हा तिला मान जास्त.

इकडे माझं बरं चाललंय. खात्यात खिडकीजवळचं टेबल मिळालं, कारण आधीचे गृहस्थ निवृत्त झाले. खिडकीतून समोरच्या इमारतीची खिडकी दिसते आणि त्या खिडकीतला माणूस माझ्याकडे बघत जांभया देतो. मीही देते. असं राज्य चालतं.

आता कामाचं. आमच्या खात्यात एक नवा नियम तयार होतोय, सगळ्या देशासाठी. बागांमधल्या ‘बालक्रीडा आरोहण साधनां’साठी. म्हणजे मुलं ज्यावर चढतात ते सगळं. मसुद्यात म्हटलंय की अशा साधनाची उंची पाच फुटांपेक्षा जास्त नसावी आणि पहिली पायरी नऊ इंचांवर असावी, म्हणजे चढायला सोपं जाईल. जास्त उंच असतील ती कापावी लागतील किंवा काढावी लागतील.

तुझा जिराफ बारा फुटांचा आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणून आधी तुलाच लिहिते आहे. सोबत अभिप्रायाचा फॉर्म जोडलाय. साठ दिवसांची मुदत आहे. तू आयुष्यभर हेच काम केलंस, तुझ्या म्हणण्याला वजन आहे. शांतपणे लिही. ‘शांतपणे’ हा शब्द मामीने दोनदा वाचून दाखवावा.

तुझी भाची


११ फेब्रुवारी

खारूताई,

मामीने तो शब्द तीनदा वाचून दाखवला. उपयोग झाला नाही.

आरोहण साधन! अगं, त्याला जिराफ म्हणतात. चार पाय, मधे आडव्या दांड्या, एका बाजूने वर गेलेली मान. नावसुद्धा मी नाही ठेवलं, पोरांनी ठेवलं. असे चौदा बांधले मी वेगवेगळ्या गावांत. तेरा गेले, कुठे रस्ता रुंद झाला, कुठे बागच विकली. हा एक उरलाय, माझ्या कारखान्यापासून शंभर पावलांवर. एकतीस वर्षं उभा आहे. तो आता पाच फुटांवर कापायचा? मान कापलेल्या जिराफाला गाढव म्हणतात, असं तुमच्या फॉर्ममध्ये लिहू का?

आणि नऊ इंचांची पायरी! ही तर कमाल आहे. पहिली दांडी मी मुद्दाम सहा वर्षांच्या पोराच्या छातीइतकी वर ठेवतो. तिथे ज्याला स्वतःला वर ओढून घेता येत नाही, त्याने अजून चढायचं नाही. पाटी नको, पहारेकरी नको, ती दांडीच सांगते. आणि आपल्या बागेचा दंडक तुला आठवत असेल: पोराला कुणी उचलून वर ठेवायचं नाही. आईबापांनी नाही, आजोबांनी नाही, मी तर नाहीच नाही. जे पोर आपल्या बळावर चढतं ते आपल्या बळावर उतरतं.

सरकारने रस्ते करावेत, साथ आली तर लस टोचावी, माझी ना नाही. पण पोराने जमिनीपासून किती फूट वर जायचं हे राजधानीत बसून ठरवायचं? उद्या उडी किती लांब मारायची याचा तक्ता काढतील. ज्या शहाण्याने हे लिहिलंय त्याला माझ्याकडे पाठव. तो जन्मात खुर्चीपेक्षा उंच कशावर चढलेला नाही, हे मी इथून सांगतो.

एकतीस वर्षांत काय झालं या जिराफावर? खरचटणं, गुडघे फुटणं, आणि एकदा तुझा हात मोडला होता. एवढंच.

फॉर्ममध्ये ‘हरकत’ या शब्दापुढे दोन ओळींची जागा आहे. माझी हरकत तिथे मावत नाही, म्हणून फॉर्मच्या पाठीमागे लिहून पाठवतो आहे. मागची बाजू कुणी वाचत नसेल तर तसं कळव.

तुझा मामा


१३ फेब्रुवारी

बाळ,

हे पत्र ह्यांच्या नकळत लिहिते आहे. पोस्टात टाकायला जाताना साबण आणायला जाते असं सांगणार आहे.

ह्यांनी तुला लिहिलं की कुणाला काही झालं नाही. ते खरं नाही. गेल्या महिन्यात एक नऊ वर्षांची मुलगी जिराफावरून पडली. खांद्याजवळचं हाड मोडलं. देवदयेने बाकी ठीक आहे. पण तेव्हापासून ह्यांचं जेवणात लक्ष नाही. दिवसातून चारदा बागेत जाऊन येतात आणि काय बघून आलात विचारलं तर म्हणतात, काही नाही. रागावून बोलतात तेव्हा मला बरं वाटतं, निदान बोलतात तरी.

त्यांना मी सांगितलं असं कळू देऊ नकोस.

दुसरं एक. तू लहानपणापासून काहीही केलंस की ‘मी केलं’ असं आधी सांगून मोकळी व्हायचीस. परवाच्या पत्रात मात्र सगळीकडे ‘आमच्या खात्यात’, ‘मसुद्यात म्हटलंय’. तो नियम तूच लिहिलास ना? ह्यांच्या लक्षात आलेलं नाही. पण तूच सांग, मी सांगण्यापेक्षा ते बरं.

मामी


२० फेब्रुवारी

मामा,

जन्मात खुर्चीपेक्षा उंच कशावर न चढलेला तो शहाणा मीच.

पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. धीर झाला नाही. तुझ्या रागाला मी भीत नाही, तुझ्या गप्प बसण्याला भिते. आता लिहून टाकलं, बरं वाटतंय.

पण मी तो नियम जांभया देत लिहिला नाही, एवढं ऐकून घे. माझ्या टेबलावर एक फाईल आहे. तिच्यात त्रेचाळीस पत्रं आहेत. एका गावात कुणा ठेकेदाराने तुझ्या जिराफासारखाच एक मनोरा उभा केला. लाकूड हलकं, बोल्टांऐवजी खिळे. सात वर्षांचा मुलगा वर असताना तो आडवा झाला. मुलगा अजून नीट चालत नाही. त्याच्या आईने दोनच वाक्यं लिहिली आहेत: ‘ते पक्कं आहे की नाही हे मला कसं कळणार होतं? मी सुतार नाही.’

तू म्हणतोस, पोरांनी आणि त्यांच्या आईबापांनी ठरवावं. मामा, तिने ठरवलं होतं. बागेत उभं केलंय म्हणजे कुणीतरी बघून घेतलं असेल, असं समजून ठरवलं होतं. कुणीच बघितलं नव्हतं. सगळे सुतार तुझ्यासारखे असते तर माझ्या खात्याला कुलूप लावून मी तुझ्याकडे रंधा मारायला आले असते. तसे नाहीत, म्हणून मी इथे बसले आहे.

माझा हात मोडला होता म्हणून सूड घेतेय असं मात्र समजू नकोस. त्या हातावर सगळ्या वर्गाने सह्या केल्या होत्या. तसा थाट मला पुन्हा कधी मिळाला नाही.

तुझ्या पत्रातल्या एका शब्दावर मी अडकले आहे. ‘एवढंच’ असं लिहिलंस. मामा, एवढंच ना?

तुझी खार


२ एप्रिल

खारूताई,

सहा आठवडे लिहिलं नाही. रागावलो होतो. पहिले दोन आठवडे तुझ्यावर आणि नंतरचे चार स्वतःवर. दुसरा राग जास्त वेळ टिकतो असं दिसतं.

आधी गंमत सांगतो. आता गंमत म्हणतोय, तेव्हा पाचावर धारण बसली होती.

तुमचा नियम अजून मसुदाच आहे ना? पण इथल्या नगरपालिकेला भारी घाई. उंची कापायला करवत आणि माणसं लागतात, तेव्हा त्यांनी आधी सोपं ते केलं. दोन माणसं येऊन जिराफाच्या पायाशी नऊ इंचांवर एक छान रुंद पायरी ठोकून गेली. तिच्यावर एक, मग आणखी एक. चार दिवसांनी सकाळी दहाच्या सुमाराला मी कारखान्यात फळ्या तासत होतो. बागेतून आरडाओरडा ऐकू आला. धावत गेलो. साडेतीन-चार वर्षांची एक चिमुरडी थेट जिराफाच्या डोक्यावर! आई खाली उभी. दुसऱ्या पोराच्या बुटाची नाडी बांधायला ती वाकली, तेवढ्यात ही पायऱ्यांवरून पहिल्या दांडीवर आणि तिथून वर. 

मी चढलो. एकोणसत्तर वर्षांचा मी, कानावर पेन्सिल तशीच. वर पोचलो तर ती मजेत पाय हलवत बसलेली. मला म्हणाली, “आजोबा, तुम्ही कशाला आलात?” तिला पाठीवर घेऊन उतरायला अर्धा तास लागला, आणि पाय कुठे ठेवायचा ते सबंध वेळ तीच मला सांगत होती. खाली आल्यावर तिच्या आईने तिला जवळ घेतलं आणि मग दोघी रडल्या. मीही थोडा रडलो, पण मामीला सांगू नकोस. अर्थात तिला कळलंच आहे, कारण मी सांगतोय ते तीच लिहून घेते आहे.

घरून कटावणी आणली आणि त्या तिन्ही पायऱ्या काढून टाकल्या. सरकारी मालमत्तेची मोडतोड केली म्हणून मला नोटीस आली आहे. ती तुला पाठवू, की भिंतीवर लावू?

आता तू विचारलेलं. नाही, एवढंच नाही. जानेवारीत एक नऊ वर्षांची मुलगी पडली. खांद्याजवळचं हाड मोडलं. तुला मी खोटं लिहिलं.

मी तिच्या घरी गेलो होतो. वडील छापखान्यात कामाला आहेत, बोटांना शाई. मुलगी पट्टा बांधून पलंगावर बसली होती. मला वाटलं होतं वडील शिव्या देतील. त्यांनी चहा दिला. मग म्हणाले, “पोरगी पडली याचा मला राग नाही. पोरं पडतात. पण खालची जमीन तुम्ही कधी हात लावून बघितलीत का?”

दुसऱ्या दिवशी बघितली. एकतीस वर्षं पोरांनी तुडवून तुडवून ती रस्त्यासारखी झाली आहे. नख रुतत नाही. मी दर आठवड्याला वरच्या प्रत्येक दांडीवरून हात फिरवतो, लाकडाची एक कूसही कुणाच्या तळव्यात जाऊ देत नाही. खाली मात्र कधी वाकलोच नव्हतो.

तुझ्या फाईलमधल्या त्या बाईचं वाक्य मामीकडून मी दोनदा वाचून घेतलं.

तुझा मामा


९ एप्रिल

मामा,

आज घाईत आहे, एवढंच सांगते.

तुझं पत्र वाचलं. मग ते नऊ इंच मी आणले कुठून, ते शोधत बसले. सापडलं. खात्यात ‘पायरी’ या विषयावर एकच जुना नियम होता, सार्वजनिक इमारतींच्या जिन्यांचा. म्हाताऱ्या माणसांना त्रास होऊ नये म्हणून केलेला. मला पायरीची उंची हवी होती, तिथे उंची लिहिलेली होती, मी ती उचलून इकडे चिकटवली. मुलांना ‘सोपं’ म्हणजे सुरक्षित, असं धरून चालले. एकाही बागेत जाऊन मोजपट्टी लावली नाही. ज्या जिराफावर मी मोठी झाले त्याची पहिली दांडी किती उंच होती, हेसुद्धा मला आठवलं नाही.

ती चिमुरडी पडली असती तर?

नोटीस भिंतीवर लावू नकोस. मला पाठव. समितीपुढे ठेवायची आहे.

खार


३० जून

मामा, मामी,

झालं. आज दुपारी सह्या झाल्या!

लांबलचक टेबल, नऊ माणसं, प्रत्येकापुढे पाण्याचा पेला. मी आधी तुझी नोटीस वाचून दाखवली. मग नऊ इंचांची चूक माझी आहे हे सांगितलं. आमच्या खात्यात चूक कुणाची ते सहसा कळत नाही, त्यामुळे अशा वेळी काय करायचं ते कुणाला ठाऊक नव्हतं. शेवटी संचालकबाईच पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “मग आता काय म्हणणं आहे तुमचं?”

मी म्हटलं, पाच फुटांची मर्यादा काढू या. त्या म्हणाल्या, “आणि उद्या एखादं मूल पडलं तर?”

“पडेलच, बाई. किती उंच जायचं ते त्याचं त्याला कळू दे. पण लाकूड आतून कसं आहे, बोल्ट कुठला आहे, खाली काय पसरलंय, हे त्याला कळत नाही आणि त्याच्या आईलाही कळत नाही. तेवढं आपण बघावं.”

समितीत एक हाडांचे डॉक्टर आहेत. ते दहा फुटांवर अडून बसले. मी चौदापासून सुरुवात केली होती, तुझ्याचकडून शिकले आहे. बारावर जमलं. पहिली दांडी पावणेतीन फुटांच्या खाली नको, हे कलम डॉक्टरांनीच उचलून धरलं. खाली एक फूट वाळू किंवा लाकडाचा मऊ भुगा, दर महिन्याला उकरून मोकळा करायचा. आणि वर्षातून एकदा तपासणी, तीही बाहेरच्या माणसाकडून. ज्याने बांधलं त्याच्याकडून नाही.

हे शेवटचं तुला आवडणार नाही. तुझ्या कामाला कुणी बोट लावलेलं तुला खपत नाही, हे मला माहीत आहे. ते मी तुझ्यावर अविश्वास म्हणून लिहिलेलं नाही. त्या मुलाच्या आईसाठी लिहिलं आहे. पण तुझ्यापुरती सूट ठेवता आली नाही. ठेवली असती तर तो नियम राहिला नसता.

जिराफ वाचला, मामा. सही झाल्यावर चार मजले जिना उतरले, दोन-दोन पायऱ्या एकदम. शिपायाने विचारलं, “बढती मिळाली का?” मी हो म्हणून टाकलं. इतकी खूश मी या इमारतीत कधीच नव्हते.

तुमची खार


१९ सप्टेंबर

खारूताई,

हे पत्र माझ्या हातचं आहे. चष्मा केला. अक्षरावरून नावं ठेवू नकोस.

तपासणी झाली. तुमच्याकडून आली ती पंचविशीची पोरगी, खांद्याला कॅनव्हासची पिशवी. मी तिच्या मागेमागे फिरत होतो, प्रत्येक सांध्याची थोरवी गात. ती हो-हो म्हणत हातोडीने ठोकून बघत होती. चौथ्या पायापाशी खाली बसली, वाळू बाजूला केली आणि पिशवीतून पेचकस काढून लाकडात दाबला. मुठीपर्यंत आत गेला. लोण्यात जावा तसा.

तिने पेचकस बाहेर काढला. माझ्याकडे बघितलं. मग विचारलं, “काका, तुम्हाला माहीत होतं का?”

तिला मी नाही म्हटलं. तुला खरं सांगतो. मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वीच त्या पायावर ठोकलं तेव्हा आवाज वेगळा आला होता. मी वरून पुट्टी भरली, रंग दिला आणि गप्प बसलो. सांगितलं असतं तर जिराफ गेला असता, आणि शेवटचा होता. जानेवारीपासून दिवसातून चारदा बागेत जायचो, त्या पायाला हात लावून बघायला. तुला मी पोरांच्या मोकळिकीवर एवढं मोठं पत्र लिहिलं. खारे, मोकळीक मी माझी मागत होतो, पोरांच्या नावावर.

दुसऱ्या दिवशी तिच्या कचेरीत जाऊन तिलाही हे सांगून आलो. तिने एका कागदावर लिहून घेतलं आणि माझी सही घेतली. बाहेर आल्यावर भूक लागली. मामी म्हणते, जानेवारीनंतर पहिल्यांदाच मी ताटात काही ठेवलं नाही.

जिराफ मीच उतरवला. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. तीन दिवस लागले. तीन पाय अजून शंभर वर्षं टिकतील असे होते, पण चौथ्याने मान टाकली होती. वाईट वाटलं, खूप वाटलं. मामी रोज दुपारी चहा घेऊन तिथे येऊन बसायची.

मग नवा बांधायला घेतला. नगरपालिकेने लाकूड दिलं, नोटीस मागे घेतली आणि सही करायला फॉर्म दिला, त्यात ‘हरकत’पुढे अजूनही दोनच ओळी आहेत. तेवढं बघ.

आरेखन करत होतो तेव्हा ती हाड मोडलेली मुलगी कुंपणापाशी येऊन उभी राहिली. हात बरा झालाय. बराच वेळ कागदाकडे बघत होती. मला वाटलं विचारेल, किती उंच करणार? म्हणून मीच विचारलं, “तुला भीती वाटत असेल तर थोडा बुटका करू का?”

ती म्हणाली, “मला भीती नव्हती वाटली. हात दुखायला लागले होते. मधे बसायला जागाच नव्हती.”

मी पेन्सिल खाली ठेवली.

तू पाच फूट म्हणालीस, मी बारा म्हणालो. डॉक्टर दहा म्हणाले. तिच्या वडिलांनी जमीन दाखवली, मी वाळू आणली, तू ती कायद्यात घातलीस. ते सगळं बरोबरच होतं. पण मी तिच्या घरी जाऊन चहा पिऊन आलो, ती समोर पट्टा बांधून बसली होती, आणि तू का पडलीस हे मी तिला विचारलं नाही. कुणीच विचारलं नव्हतं.

साडेसहा फुटांवर एक फळी बसवली आहे, दोघांना बसता येईल इतकी रुंद, पाठीला टेकू असलेली. तुमच्या नियमात ती नाही. माझ्या चौदा जिराफांतही नव्हती.

काल नवा जिराफ खुला झाला. सगळ्यांच्या आधी तीच चढली. पहिली दांडी छातीशी धरून वर, मग एकेक करत फळीपर्यंत. तिथे बसली. दोन्ही हात झटकले, चांगली पाच मिनिटं इकडेतिकडे बघितलं. खाली सगळी पोरं ओरडत होती, वर जा, वर जा. मीसुद्धा मनातल्या मनात तेच ओरडत होतो.

ती उठली आणि सावकाश खाली उतरली. “आज इतकं पुरे,” म्हणाली आणि घरी गेली.

तुझा मामा